उजव्या हाताचं वर्तुळ

सकाळच्या स्पर्धेतली शेवटची थाळी गवतात पडली आणि हेन्रिके वर्तुळाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. आम्ही आयबेनवेर्डरची माणसं थाळीफेक बघतच लहानाची मोठी झालेलो, त्यामुळे फलकाकडे बघायची आम्हाला गरजच पडली नाही. जिंकलेला माणूस नाड्या सोडायची घाई करत नाही.

फलकावर एकसष्ट मीटर पंधरा लागले. ऑलिंपिकच्या चमूत जायला त्रेसष्ट हवे होते आणि त्याची मुदत आजच, या रविवारीच संपत होती. पोरगी एकतीस वर्षांची. ऑगस्टपासून तिची इस्पितळात मालिश-व्यायामाची नोकरी ठरलेली, आणि आणखी चार वर्षं थांबायला तिचा गुडघा राजी नव्हता. त्रेसष्टच्या जवळ ती तीनदा जाऊन आली होती, एकदा तर वीतभरच कमी पडलं होतं. आज नाही तर मग कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि एल्बे नदीकाठच्या आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"एकसष्ट!" एकहार्ट तंबूत शिरता शिरताच ओरडला. तो हेन्रिकेचा बाप आणि तोच तिचा गुरू, म्हणजे पोरीला घरी गेल्यावरही सुटका नाही. "घरच्या वर्तुळात एकसष्ट! या वर्तुळानं आजवर ल्युडेक्यांच्या घरातल्या कुणाला दगा दिलाय का?"

"सिमेंटला कशाला बोल लावतोस?" त्याची भावजय, म्हणजे भाऊ डेटलेफची बायको, गुड्रुन पत्र्याच्या ट्रेमधला चेरीचा केक कापत म्हणाली. "केक घे."

"मला नको केक."

"मग कॉफी घे. रिकाम्या पोटी लेकीवर ओरडू नये."

"मी ओरडत नाहीये!"

सॉसेजच्या शेगडीजवळची चार माणसं वळून बघायला लागली.

गुड्रुनची मुलगी स्वेन्या बाजूच्या बाकावर घामेजल्या कपड्यांतच बसली होती. आज सकाळी तिनं सत्तावन्न मीटर फेकले होते. आयुष्यात पहिल्यांदा! ती वर्तुळातून उड्या मारत बाहेर आली, तेव्हा सगळं घर हेन्रिकेची थाळी पुसून देण्यात गुंतलं होतं.

"आई, तू बघितलीस ना माझी चौथी फेक?"

"बघितली गं बाई, बघितली."

"कधी? तू तेव्हा सॉसेज उलटत होतीस."

गुड्रुनच्या हातातली सुरी थांबली. "एका डोळ्यानं बघितली," ती ओशाळून म्हणाली आणि लेकीपुढं केकचा कोपऱ्याचा, भरपूर चेरीवाला तुकडा सरकवला. स्वेन्यानं तो घेतला, पण राग काही गेला नाही. ल्युडेक्यांच्या घरात सत्तावन्न मीटर फेकणं म्हणजे बेकरीवाल्याच्या घरात पाव भाजण्यासारखं आहे, हे तिला सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं. हेन्रिकेवर तिचा जीव होता. पण कधीकधी माणसाला वाटतं, आपल्या यशासाठीही कुणीतरी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं, अंगठे मुठीत दाबून उभं राहावं.

तंबूच्या टोकाला, घडीच्या खुर्चीत, ओमा इर्मट्राउट बसली होती. एकहार्ट आणि डेटलेफची आई, दोन्ही पोरींची आजी, आणि गावातल्या अर्ध्या लोकांचीही ओमाच. ती मैदानावर आली हीच मुळी आजची मोठी बातमी होती. क्लबच्या भिंतीवर अजूनही निळ्या रंगात लिहिलेलं आहे : मैदानाचा विक्रम, महिला, इर्मट्राउट ल्युडेके, ६६.८४. थाळीफेक सोडल्यापासून ही बाई त्या भिंतीसमोरून कधी चालत गेली नाही. दुकानात जायचं तरी वळसा घालून जायची. का, ते गेल्या नाताळात घराला कळलं, आणि त्या दिवशीचं भाजलेलं बदक तसंच थंड झालं. त्या काळी प्रशिक्षक जीवनसत्त्वं म्हणून निळ्या गोळ्या द्यायचे. ती विशीची होती, देतील ते गिळत होती. थाळी लांब गेली, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला, आणि खरं काय ते समजल्यावर तिनं थाळी जी खाली ठेवली ती पुन्हा हातात घेतली नाही. "तो आकडा माझा नाही, गोळ्यांचा आहे, पुसा तो," असं तिनं डेटलेफला तीनदा सांगून झालं होतं. डेटलेफ प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघू."

पण सवय काही थाळीसारखी खाली ठेवता येत नाही. सकाळपासून ओमाची नजर एकेका थाळीमागं गेली होती.

"एकहार्ट," तिच्या त्या घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "सकाळी बाहेरच्या किती पोरींनी स्वतःचाच विक्रम मोडला?"

"बऱ्याच. वारा झकास होता."

"आमची स्वेन्यासुद्धा. सत्तावन्न. सुरेख फेक होती, पोरी, कंबर अगदी वेळेवर आली." स्वेन्याच्या घशात केक अडकला. "मग आपल्या हेन्रिकेलाच वारा का नाही पावला?"

"वारा सगळ्यांना सारखाच असतो, आई."

"वारा सारखा. हात सारखे आहेत का?"

एकहार्ट स्वतःच्या हातांकडं बघायला लागला.

ओमा उठली. काठी घेतली, गळ्यातला रुमाल सोडला आणि तरातरा वर्तुळाकडं निघाली. एक्काहत्तराव्या वर्षी ती एवढी झपझप चालते म्हटल्यावर मागोमाग सगळेच निघाले. गुड्रुन तर हातात सुरी घेऊनच निघाली. हेन्रिके अजून वर्तुळाच्या कडेलाच बसली होती, एक बूट पायात, एक हातात.

ओमानं काठीच्या टोकाला रुमाल बांधला आणि काठी उंच धरली. रुमाल फडफडत डावीकडं आणि मागं गेला.

"बघा. वारा समोरून, उजव्या अंगानं येतो. नदीवरून वर्षभर इथं हाच वारा. तुमच्या बापानं, माझ्या विलिबाल्टनं, आठवडाभर असाच माझा रुमाल बांधून तो बघितला होता. वारा उजव्या गालावर लागला की उजव्या हाताची थाळी त्याच्यावर स्वार होते. तेवढं बघून मग त्यानं सिमेंट ओतलं." तिनं काठी वर्तुळावर आपटली. "हे वर्तुळ माझ्या उजव्या हाताचं आहे रे! आणि ही पोरगी डावखुरी. वारा तिच्या थाळीला डोक्यावर टपली मारून खाली बसवतो. अकरा वर्षांची असल्यापासून तुम्ही तिला इथं उभं करताय!"

हेन्रिकेनं हातातला बूट हळूच खाली ठेवला.

"बाबा?" ती म्हणाली.

एकहार्टचा चेहरा बघवत नव्हता. "मला ठाऊक आहे गं डावखुऱ्याचा वारा," तो म्हणाला. "परगावी गेलो की पहिलं तेच बघतो, तुला माहीत आहे. पण इथं... इथं कधी डोक्यातच आलं नाही. हे आपलं वर्तुळ. आईनं इथं फेकलं, मी फेकलं, डेटलेफनं फेकलं, सगळ्यांची सर्वांत लांब थाळी इथंच गेली. चर्चमधलं आपलं बाक कुठल्या दिशेला आहे हे कधी कुणी तपासतं का? उलट मोठी फेक हवी असली की मी तुला मुद्दाम घरी आणायचो."

"मला वाटायचं, घरच्यांसमोर मी कच खाते," हेन्रिके म्हणाली. "वीस वर्षं मला तेच वाटत आलंय."

हे ऐकून गुड्रुनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सुरीच्या हातानंच ते पुसलं आणि शेजारचे दोघं दचकून मागं सरले.

"रडायचं नंतर," ओमा म्हणाली. "कोठाराच्या बाजूचं पोरांचं वर्तुळ आहे ना, त्याचं तोंड पश्चिमेला आहे. तिथं हाच वारा समोरून, पण डाव्या अंगानं येईल. दुपारी महिलांची दुसरी स्पर्धा कार्यक्रमात छापलेली आहेच. ती तिकडं घ्या. डेटलेफ कुठाय?"

डेटलेफ होता तिथंच, सगळ्यांच्या मागं, गळ्यात शिट्टी घालून. ही स्पर्धा वीस वर्षं तोच भरवत होता. कुठली स्पर्धा कुठल्या वर्तुळात घ्यायची हे तोच ठरवायचा, आणि वीस वर्षांत कुणी त्याच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. तेवढी एकच श्रीमंती त्या माणसानं जपली होती. आईचा हात रुमालासकट वर गेला तेव्हाच पुढचं सगळं त्याला दिसलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"घरच्या पोरीसाठी मैदान फिरवायचं? उद्या सगळे म्हणतील, ल्युडेक्यांनी आपल्याला हवा तसा वारा कापून घेतला."

"आणि इतकी वर्षं आपण काय केलं?" एकहार्ट भडकला. "उजव्या हातांसाठी कापलेलाच होता की!"

"तू गप्प बस. मघाशी तूच म्हणत होतास, वारा सगळ्यांना सारखा!"

दोन भाऊ एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिले. दोघंही थाळीफेके, दोघांचंही वजन शंभराच्या वर. मध्ये पडायची कुणाची छाती होईना. शेवटी गुड्रुन पडली.

"डेटलेफ," ती नवऱ्याला म्हणाली, "नियमात बसतं की नाही एवढंच सांग. तुझ्या मनात बसतं की नाही ते घरी गेल्यावर बोलू."

डेटलेफनं बायकोकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, एकहार्टची बाजू घेताना तिला त्यानं आज पहिल्यांदाच बघितलं होतं.

"फ्राऊ त्सेलमरना विचारतो," तो पुटपुटला.

फ्राऊ त्सेलमर, म्हणजे त्सेलमरबाई, या जिल्ह्याहून आलेल्या मुख्य पंच. बारीक, ताठ, आणि हसण्याच्या बाबतीत काटकसरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोठाराकडं चालत गेल्या, जाळी ओढून बघितली, वर्तुळ मोजलं, जमिनीचा उतार बघितला.

"स्पर्धा सुरू झाल्यावर वाऱ्यासाठी जागा बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुरू होण्याआधी कुठं घ्यायची हा भरवणाऱ्याचा प्रश्न. मैदान नियमात आहे. मला अडचण नाही."

"बघ!" एकहार्ट म्हणाला.

"माझं बोलणं संपलेलं नाही. तुमच्याच कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, किमान तिघी असल्याशिवाय स्पर्धा होणार नाही. तिघी आहेत का?"

सगळ्यांनी वाहनतळाकडं बघितलं. बाहेरच्या क्लबांच्या पोरी सकाळचा वारा लुटून, सॉसेज खाऊन केव्हाच घरी निघून गेल्या होत्या. एक पांढरी गाडी तेवढी बांधावरच्या वळणावर दिसत होती, तीही लहान होत होत दिसेनाशी झाली.

"हेन्रिके एक," एकहार्ट म्हणाला. "स्वेन्या दोन."

"मला कुणी विचारलं?" स्वेन्या म्हणाली.

स्वेन्यालाच आपल्या आवाजाची भीती वाटली, पण आता ती थांबणार नव्हती. "दुपारी मी याच वर्तुळात अठ्ठावन्न मारणार होते. माझाही आज वारा आहे. तिकडं तो माझ्या विरुद्ध जाणार. सगळे नुसते बोटांवर मोजताय, हेन्रिके एक, स्वेन्या दोन. मी काय बटाट्यांचं पोतं आहे का?"

"स्वेन्या, अगं ऑलिंपिक आहे हे..." एकहार्ट सुरू झाला.

"तुम्ही थांबा, बाबा." हेन्रिके उठली. एकाच पायात बूट, त्यामुळे ती लंगडत स्वेन्यासमोर आली. "तुझी चौथी फेक मी बघितली," ती म्हणाली. "सुटताना तू डोकं मागं टाकलंस. तू कधीच टाकत नाहीस. मी पुढच्या फेकीसाठी उभी होते आणि मला तुझा हेवा वाटला. मी काही बोलले नाही, कारण माझं एकसष्टवर अडलं होतं. चुकलंच माझं." "येशील माझ्यासाठी? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण नाताळपर्यंत जाईल."

स्वेन्याला हसू आवरेना. "नाताळात आपल्याकडं काय होतं ते माहीत आहे," ती म्हणाली. "चल. पण अठ्ठावन्न तू मला देणं लागतेस."

"दोन," फ्राऊ त्सेलमर म्हणाल्या. त्यांच्यावर कशाचाच परिणाम होत नव्हता. "तिसरी?"

सगळ्यांच्या नजरा गुड्रुनकडं गेल्या.

"मी?" गुड्रुन किंचाळली. "मी हातातून बशी सोडली तरी ती मागं जाते!"

"माझं नाव लिहा," ओमा म्हणाली.

दोघं भाऊ एकाच वेळी "आई!" म्हणून ओरडले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एकमत झालेलं गावानं बघितलं.

"तुझा खांदा..."

"खांदा माझा आहे."

"तू शपथ घेतली होतीस, आई," डेटलेफ हळूच म्हणाला. "पुन्हा थाळी हातात धरणार नाही म्हणून."

"घेतली होती." ओमाचा आवाज जरा खाली आला. "त्या गोळ्या देणाऱ्यांसाठी धरणार नाही अशी घेतली होती. हिच्यासाठी धरायची नाही असं कुठं म्हटलं होतं?" मग ती पंचांकडं वळली. "इर्मट्राउट ल्युडेके. त्रेपन्न वर्षं याच क्लबात आहे. वयाची अट आहे का?"

"खालच्या बाजूला आहे," फ्राऊ त्सेलमर म्हणाल्या. आणि मग, आमच्या गावात अजूनही यावर वाद होतात, पण मी स्वतः बघितलंय, त्या हसल्या.

मग जी धांदल उडाली! अर्धं गाव जाळीचे खिळे तपासायला धावलं, अर्धं फेकीच्या पट्ट्यात फिरणाऱ्या मेंढ्या हाकलायला. गुड्रुननं सासूला आपले बूट घातले आणि पायमोजे दोन-दोन चढवले. मग तिच्या विणलेल्या जाकिटावर क्रमांक टाचला. ध्वनिक्षेपकावरून नगराध्यक्षांनी उत्साहाच्या भरात "हेन्रिके, आगाऊ अभिनंदन!" म्हटलं, तेव्हा मात्र सगळं मैदान त्यांच्यावर खेकसलं. आगाऊ अभिनंदन! कामाची माती करायचा याहून खात्रीचा मार्ग आमच्याकडं नाही. अपशकुन टळावा म्हणून नगराध्यक्षांना लाकडावर टकटक करून यायला पाठवण्यात आलं, आणि ते बिचारे मुकाट कोठाराच्या दारावर टकटक करून आले.

क्रमानं पहिली आली ओमा.

ती वर्तुळात शिरली. थाळी हातात आली आणि बोटांनी कडा आपोआप पकडली. बोटांना कुणी काही विचारलंच नव्हतं. तिला एकाएकी त्या पांढऱ्या डगल्यातल्या माणसाचा तळहात आठवला, त्यावरची निळी गोळी आठवली. मग वारा आला, आणि गवताचा वास आला, आणि तिला वाटलं, अरे, हे तर त्याच्याही आधीचं आहे. हे मला गोळ्यांच्या आधी आवडायचं.

पहिली थाळी जाळीत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीही जाळीत गेली, लोकांनी आणखी जोरात वाजवल्या.

स्वेन्याची थाळी वाऱ्यानं खाली दाबली. ती परत आली ती हसतच. "पन्नास! हेन्रिके, वीस वर्षं तू हे सोसलंस? मी तर गाव सोडून गेले असते!"

आणि हेन्रिके. पहिलीला पाय कडेवर पडला, लाल निशाण. दुसरी थाळी सुटली, आणि ती वर जाऊन मान टाकेल म्हणून आम्ही सवयीनं वाट बघत राहिलो. थाळीनं मान टाकली नाही. ती तरंगली. पुढं, आणखी पुढं. बासष्ट चाळीस! बांधावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. तिसरी बासष्ट सत्तर. चौथी जाळीत. पाचवीला वाराच पडला आणि थाळी साठवर बसली. उरली एक.

या दरम्यान ओमाच्या चार थाळ्या जाळीत किंवा पट्ट्याबाहेर गेल्या होत्या. तिची पाचवी मात्र थरथरत, एका बाजूला कलत, पट्ट्याच्या आत पडली. पंचांनी पांढरं निशाण वर केलं, मोजपट्टी ताणली आणि आकडा वाचला : एकोणीस पस्तीस. ओमा वर्तुळाच्या मागच्या बाजूनं, नियमाप्रमाणं, बाहेर आली आणि खुर्चीत बसली. तिनं सहावी फेकली नाही. "खांदा," एवढंच म्हणाली आणि हेन्रिकेला जवळ बोलावलं.

"माझ्या वाऱ्यात तुला उभं केलं गं," ती म्हणाली. "आणि वर त्या भिंतीवरचा माझा आकडा. दोन्ही तुझ्या डोक्यावर."

"ओमा, आता नको."

"आता नकोच. एवढंच सांगते. वर्तुळात गेलीस की आधी मैदानाकडं तोंड करून उभी राहा. डाव्या गालाला वारा लागेपर्यंत वळू नकोस. कुणी काही ओरडलं तरी."

हेन्रिके वर्तुळात शिरली. मैदानाकडं तोंड करून उभी राहिली. रुमालाची काठी आता डेटलेफच्या हातात होती आणि रुमाल पार गळून पडला होता. फ्राऊ त्सेलमरच्या शेजारचं घड्याळ मिनिटातून उलटं मोजायला लागलं.

"फेक!" एकहार्ट ओरडला. "वेळ जातोय, फेक!"

ती हलली नाही. गुड्रुननं दोन्ही अंगठे मुठीत असे दाबले होते की नखं पांढरी पडली होती. स्वेन्या काकाजवळ गेली आणि तिनं सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवला. अर्धं मिनिट गेलं. बांधावरच्या पॉप्लरच्या झाडांकडं बघत आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एक पान हललं. मग शेंडा हलला. डेटलेफच्या हातातला रुमाल उचलला गेला, आणि वीस वर्षं कुणाची बाजू न घेतलेला तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "आला! हेन्रिके, आला!"

तिच्या डाव्या गालावरचे केस मागं उडाले. ती वळली, एकदा हात मागं नेला, आणि फिरली.

थाळी सुटल्याचा आवाज होत नाही म्हणतात. त्या दिवशी झाला, असं मी शपथेवर सांगेन. थाळी खालून निघाली, वाऱ्याच्या अंगावर चढली आणि बसलीच तिथं, खाली यायचं नावच घेईना. आमची डोकी तिच्याबरोबर फिरत गेली. त्रेसष्टची पांढरी रेघ गवतात आखलेली होती. थाळी रेघेवर आली, आणि पलीकडं पडली.

पांढरं निशाण. मोजपट्टी. फ्राऊ त्सेलमरनी आकडा दोनदा तपासला, कारण त्या तशाच होत्या.

"त्रेसष्ट एकतीस."

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. एकहार्ट गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता आणि स्वेन्या त्याच्या पाठीवर बसून ओरडत होती. गुड्रुननं उरलेला केक फुकट वाटून टाकला. दोघा भावांनी हेन्रिकेला खांद्यावर घेतलं, आणि नगराध्यक्षांनी, आता रीतसर, अभिनंदन केलं.

गर्दी जरा पांगल्यावर डेटलेफ आईच्या खुर्चीपाशी आला. त्याच्या हातात क्लबच्या कपाटातला निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश होता.

"पुसतो, आई," तो म्हणाला. "तीनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. मैदानाचा विक्रम, हेन्रिके ल्युडेके, त्रेसष्ट एकतीस. आजच लिहितो. तुझं नाव काढून टाकू ना?"

ओमा उठली. काठी न घेताच उठली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. ६६.८४ कडं तिनं बराच वेळ बघितलं.

"आकडा काढ," ती म्हणाली. "नाव राहू दे. हेन्रिकेच्या खाली लिही."

"आणि नावापुढं काय लिहू?"

"एकोणीस पस्तीस."

"आई, लोक हसतील गं."

"हसू देत," ओमा म्हणाली आणि दुखरा खांदा चोळत स्वतःच हसायला लागली. "पण एकोणीसच्या एकोणीस माझे आहेत. वरचे पस्तीससुद्धा."